वाचक विचारतात : ब्लॅक सॅबथचा ‘१३’ आणि रिकामी राहिलेली चौथी जागा

प्रश्न : गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या निधनानंतर त्यांचा इंग्लिश रॉक बँड ब्लॅक सॅबथ ऐकायला घेतला. ‘१३’ हा अल्बम ३५ वर्षांनी आला असे वाचतो. पण बँड तर १९९७मध्येच एकत्र आला होता. मग हा हिशेब कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ऑझींनी गायलेला सॅबथचा त्याआधीचा स्टुडिओ अल्बम ‘नेव्हर से डाय!’ १९७८चा, पुढच्याच वर्षी त्यांना बँडमधून काढून टाकण्यात आले. गिटारवादक टोनी आयोमी यांनी निरनिराळे गायक घेऊन सॅबथचे नाव चालू ठेवले. १९९७च्या डिसेंबरात मूळचे चौघे बर्मिंगहॅममध्ये वाजले खरे, पण त्या मैफलींच्या अल्बममध्ये नवी गाणी दोनच होती. २००१मध्ये निर्माते रिक रुबिन यांच्याबरोबर नव्या अल्बमची जुळवाजुळव झाली, तीही बारगळली. ‘१३’ आला तो थेट जून २०१३मध्ये.

प्रश्न : आयोमी यांच्या बोटांची टोके तुटलेली आहेत, हे खरे का? आणि आजारपणात त्यांनी हा अल्बम कसा पूर्ण केला? (गिटार शिकणारी वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे. सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका हाच. त्यांनी साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तिच्या टोप्या केल्या, त्यांना आतून भोक पाडून त्या बोटांवर बसवल्या आणि तार निसटू नये म्हणून वर कातडे चिकटवले. अशा टोपीतून तार बोटाला जाणवत नाही आणि दाबायला जोर जास्त लागतो. म्हणून ते हलक्या तारा वापरू लागले आणि १९७१च्या अल्बमपासून तारा सैल करून, तीन अर्धस्वरांपर्यंत सूर उतरवून वाजवू लागले. ज्या जडशीळ नादाला आज आपण हेवी मेटल म्हणतो, त्यात या तडजोडीचा वाटा मोठा आहे. तुम्ही शिकत असाल तर तार दाबताना हे एकदा आठवून पाहा.

जानेवारी २०१२मध्ये त्यांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा गाण्यांचे काम लॉस एंजेलिसहून इंग्लंडला, त्यांच्या घरच्या स्टुडिओत हलवले गेले आणि उपचारांमधून सावरतील त्या दिवशी ते वाजवत राहिले. अंतिम ध्वनिमुद्रण मालिबूच्या शांग्रि-ला स्टुडिओत झाले.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, ‘१३’ म्हणजे स्वतःचीच नक्कल. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मित्र अर्धा बरोबर आहे. रुबिन यांनी त्यांना १९७०चा पहिला अल्बम ऐकवला आणि त्याच्या पाठोपाठचा अल्बम करत आहोत असे समजून वाजवायला सांगितले. त्यामुळे ‘झाइटगाइस्ट’ ऐकताना बँडचेच जुने ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’ आठवते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ‘गॉड इज डेड?’ हे जवळजवळ नऊ मिनिटांचे गाणे ज्या सावकाशीने विलंबितातून द्रुत लयीत शिरते, ती सावकाशी नकलेने येत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सही करण्याजोगा करार मिळाला नाही, असे सांगून मूळचे ड्रमवादक बिल वॉर्ड बाहेर राहिले आणि रेज अगेन्स्ट द मशीन या अमेरिकी बँडचे ब्रॅड विल्क त्यांच्या जागी बसले. विल्क वाजवतात उत्तम, एकही मात्रा सांडत नाहीत. पण जॅझच्या ड्रमवादकांवर पोसलेल्या वॉर्ड यांच्या ठेक्यात जो झुलता डौल होता, रिफच्या (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरांच्या तुकड्याच्या) किंचित मागे रेंगाळून मग समेवर कोसळण्याची जी खोड होती, ती येथे नाही. पुनर्मीलन झाले ते तीन चतुर्थांश. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, तरी हे उणे भरून निघाले नाही. वॉर्ड परतले आणि ती जागा भरली ५ जुलै २०२५ रोजी, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावरच्या निरोपाच्या मैफलीत. १७ दिवसांनी ऑझी गेले.

प्रश्न : सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पहिल्या अल्बमचे पहिले गाणे आणि ‘१३’मधले ‘डिअर फादर’ पाठोपाठ ऐका. पहिले पाऊस, गडगडाट आणि चर्चच्या घंटेने उघडते. दुसरे संपल्यासारखे वाटले तरी लगेच बंद करू नका. तोच पाऊस आणि तीच घंटा शेवटी परत येते.