‘बिफोर’ एकच, मग जाती तीन कशा?

डिचोलीच्या एका पालकांनी विचारलं आहे: मुलगी यंदा पाचवीत गेली. गृहपाठात तीन इंग्रजी वाक्यं होती. ‘वुई हॅव मेट बिफोर’, ‘कम बिफोर लंच’ आणि ‘द फेरी लेफ्ट बिफोर वुई रीच्ड चोडण’. तिन्हींत ‘बिफोर’चा अर्थ ‘आधी’च, तर गाइडमध्ये त्याची जात अनुक्रमे क्रियाविशेषण, शब्दयोगी आणि उभयान्वयी अशी वेगवेगळी कशी? छापताना गोंधळ झालाय का?

गोंधळ नाही, गाइड बरोबर आहे. इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या अर्थावरून नाही, वाक्यातल्या कामावरून ठरते. ‘बिफोर’पुरतं बोलायचं तर त्याच्या पुढे काय येतं ते बघा. पुढे काहीच नसेल, तर तो क्रियापदाला वेळ सांगून मोकळा होतो, म्हणजे क्रियाविशेषण. पुढे ‘लंच’सारखं नुसतं नाम आलं तर शब्दयोगी. आणि पुढे स्वतःचा कर्ता-क्रियापद असलेलं आख्खं वाक्य आलं, तर दोन वाक्यं जोडणारा म्हणून उभयान्वयी.

पहिली दोन मुलं पटकन ओळखतात, कारण तसं मराठीतही आहे. ‘आपण आधी भेटलोय’ यात ‘आधी’ सुटा. ‘जेवणाआधी ये’ यात तो नामाला चिकटला आणि चिकटताना ‘जेवण’चं ‘जेवणा’ झालं. या सामान्यरूपामुळे मराठीत शब्दयोगी लपून राहत नाही. इंग्रजीत ‘लंच’ आहे तसाच राहतो, त्यामुळे जागेवरच भिस्त ठेवावी लागते.

खरी ठेच लागते ती तिसऱ्या वाक्यात. आपण म्हणतो, ‘आम्ही चोडणला पोचण्याआधी फेरीबोट सुटली.’ ‘आम्ही पोचलो’ हे वाक्य आपण मोडून ‘पोचणं’ असं नाम केलं आणि त्याला ‘आधी’ लावला. मराठीत तो शब्दयोगीच राहिला! त्यामुळे मनातल्या मनात मराठी करून जात ठरवणारं मूल तिथे हमखास ‘शब्दयोगी’ लिहितं. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम या वाटेने जाणाऱ्या गोव्यातल्या मुलांचा हा दोष म्हणता येणार नाही.

आणखी एक खोच. ‘बिफोर द फेस्टिव्हल एंडेड’ यात ‘फेस्टिव्हल’ हे नाम दिसलं की मुलं तिथेच थांबतात. थांबायचं नाही, त्या नामाला पुढे क्रियापद आहे का ते बघायचं. ‘एंडेड’ आहे, म्हणून उभयान्वयी. उलट ‘बिफोर क्रॉसिंग द रिव्हर’ यात ‘क्रॉसिंग’ क्रियेचं असलं तरी कामाने नाम आहे, म्हणून शब्दयोगी. चोडणची फेरीबोट सुटते त्या रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून अशी चार वाक्यं तोंडी करून घेतली, तर पानभर व्याख्यांपेक्षा लवकर डोक्यात बसेल.

तुमची शंका अगदीच निराधार नाही, बरं का. 2002 साली केंब्रिजहून निघालेल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी या तिन्ही ‘बिफोर’ना एकाच जातीत, प्रेपोझिशनमध्येच (म्हणजे आपल्या शब्दयोगीत) घातलं. मला स्वतःला ती मांडणी जास्त पटते. पण पाचवीच्या पेपरात ती चालायची नाही, तेव्हा मुलीला गाइडप्रमाणेच लिहू द्या.

‘आफ्टर’ आणि ‘सिन्स’ यांनाही हीच चाळणी लावा. ‘ड्युरिंग’ला मात्र लावायची गरज नाही, तो कायम नामाच्याच आधी येतो. म्हणून ‘ड्युरिंग द रेन’ चालतं, ‘ड्युरिंग इट वॉज रेनिंग’ चालत नाही. तिथे ‘व्हाइल’ हवा. ‘पाऊस पडत असताना’ डोक्यात ठेवून लिहिणाऱ्यांच्या वह्यांत ही चूक दहावीपर्यंत सापडते.