पिस्तुलाला स्टॉक लावला, टॅक्स शून्य आहे, मग अडचण काय?

प्रश्न : मी टेक्ससमध्ये राहतो, ग्रीन कार्डधारक आहे. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. माझ्याकडे दुकानातून रीतसर घेतलेलं नऊ एमएमचं पिस्तूल आहे. एका मित्राने त्याला जोडायचं किट दिलं, त्यात खांद्याला टेकवायचा स्टॉक होता. बॅरल पिस्तुलाचीच, साडेचार इंचांची. मित्र म्हणाला, ‘टॅक्स शून्य झाला, टेक्ससनेही बंदी उठवली, आता कागद लागत नाही.’ मी जोडलं, रेंजवर चालवलं, फोटो ग्रुपवर टाकला. आता दुसरा एक जण म्हणतो की हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा आहे. पत्नी एच-वन-बी व्हिसावर आहे आणि तिजोरीची एक किल्ली तिच्याकडेही असते. आता फॉर्म भरून हे नियमित करून घेता येईल का?

उत्तर : नाही, येणार नाही. फॉर्म वन हा ‘मी असं हत्यार बनवू का?’ असं विचारणारा अर्ज आहे. मंजुरी आधी, जोडणी नंतर. बनवून झालेल्या हत्याराची मागाहून नोंद करण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे आज रात्री बसून ऑनलाइन अर्ज भरू नका.

तुमच्या मित्राने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे अशा हत्यारावर २०० डॉलरचा टॅक्स होता. २०२५च्या कायद्याने तो १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आणला. पण शून्य झाला तो टॅक्स. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी आणि केंद्रीय नोंदवही हे सगळं जागेवर आहे. टेक्ससने १ सप्टेंबर २०२५पासून आखूड बॅरलची हत्यारं आपल्या बंदीच्या यादीतून काढली, हेही खरं. त्याने राज्याचा गुन्हा संपला, केंद्राचा नाही. टॅक्सच उरला नाही तर नोंदणी कशाला, असा युक्तिवाद करणारे दावे कोर्टात गेले आहेत. युक्तिवाद पोकळ नाही, कारण १९३७ साली सुप्रीम कोर्टाने हा कायदा टिकवला तो टॅक्सचा कायदा म्हणूनच. पण दुसऱ्याच्या दाव्याच्या भरवशावर तुम्ही गुन्हा करू नये.

रायफल म्हणजे खांद्यावर टेकवून चालवायचं हत्यार. तिची बॅरल १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती ‘शॉर्ट बॅरल रायफल’. तुमचं नुसतं पिस्तूल या कायद्यात येतच नव्हतं. ज्या क्षणी स्टॉक बसला, त्या क्षणी साडेचार इंच बॅरलची रायफल तयार झाली. हे विचित्र वाटतं, आणि आहेही. १९३४च्या मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. रायफल कापून कोणी पिस्तुलाचा नियम चुकवू नये म्हणून आखूड रायफली घातल्या. पुढे विरोधामुळे पिस्तुलं वगळली, पण आखूड रायफली तशाच राहिल्या. दार काढून नेलं आणि कडी चौकटीला लोंबकळत ठेवली, असला प्रकार. तरी त्या कडीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे.

‘मला माहीत नव्हतं’ याचा उपयोग किती? १९९४च्या स्टेपल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हत्याराचा जो गुण त्याला या कायद्यात आणतो, तो आरोपीला माहीत होता हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तुमच्या बाबतीत तो गुण म्हणजे आखूड बॅरल आणि स्टॉक. ते तुम्ही स्वतःच्या हाताने जोडलंत. नोंदणी लागते हे ठाऊक नसणं हा बचाव होत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते, त्याकडे येतो. अशा प्रकरणात अमेरिकन नागरिक असलेल्या शेजाऱ्याचा वकील ‘गुन्हा कबूल करा, प्रोबेशनवर सुटाल’ असा सौदा कदाचित आनंदाने करेल. तुम्ही तो करू शकत नाही. या कायद्याच्या कलम ५८६१खालचा गुन्हा इमिग्रेशन कायद्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ (अतिगंभीर गुन्हा) म्हणून नावानिशी लिहिलेला आहे. दोष सिद्ध झाला तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढता येतं, त्यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग बंद होतो आणि नागरिकत्व कायमचं हातचं जातं. प्रोबेशनवर सुटलात तरी इमिग्रेशनच्या लेखी तो दोषसिद्धीच. परदेशी नागरिकाला हा परिणाम बचावाच्या वकिलाने समजावून सांगितलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०१०च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालात बजावलं आहे. तरी तुम्ही स्वतःहून विचारा.

दोषसिद्धी झाली नाही तरी नागरिकत्वाचा अर्ज उरतोच. त्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, असा प्रश्न आहे की, ज्यासाठी तुम्हाला अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? खाली शपथेवर सही. ‘नाही’ लिहिलंत तर खोटं, ‘हो’ लिहिलंत तर लेखी कबुली. तो अर्ज इमिग्रेशन आणि फौजदारी असे दोन्ही वकील एकत्र बसल्याशिवाय भरू नका. वर्षभर लांबला तरी चालेल.

आज काय करायचं? स्टॉक काढा. झालेली गोष्ट त्याने पुसली जात नाही, पण बिनानोंदणीचं हत्यार रोज जवळ बाळगणं तरी थांबतं. नंतर स्टॉक आणि पिस्तूल एकाच घरात ठेवू नका. १९९२च्या थॉम्पसन सेंटर खटल्यात कंपनीच्या पिस्तुलासोबत स्टॉक आणि २१ इंचांची बॅरल असं किट होतं. त्यातून कायदेशीर लांब रायफलही बनू शकत होती, म्हणून कंपनी जिंकली. तुमच्याकडे लांब बॅरल नाही. तुमच्या स्टॉकचा बेकायदा सोडून दुसरा उपयोग दाखवता येत नाही. तो कुठे ठेवायचा हे वकिलाला विचारून ठरवा, कचऱ्यात टाकू नका. फोटोही डिलीट करू नका. तपास होण्याच्या शक्यतेने पुरावा नष्ट करणं हा वेगळा आणि अधिक मोठा गुन्हा आहे. ग्रुपवर खुलासे लिहू नका. मित्राशी झालेलं बोलणं गोपनीय नसतं, वकिलाशी झालेलं असतं. अधिकारी दारात आलेच, तर ‘वकिलाशिवाय बोलणार नाही’ एवढंच म्हणा. खोटं बोलाल तर तोही फेडरल गुन्हा.

पत्नीकडची किल्ली आजच परत घ्या. एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे, पण तुमच्या पत्रावरून तो दिसत नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. तिजोरी उघडता येणं हा ताबा मानला जाऊ शकतो, मग तिने पिस्तुलाला हात लावलेला असो वा नसो. पुण्या-मुंबईत हत्यार परवान्यावर, नावानिशी असतं म्हणून सगळे जपून असतात. इथे दुकानातून सहज मिळतं, म्हणून घरात पसरतं.

पुढे कधी हौस राहिलीच, तर दोन सरळ रस्ते आहेत. एक, आधी १६ इंचांची बॅरल बसवायची, मग स्टॉक. उतरवताना आधी स्टॉक काढायचा. एकूण लांबी २६ इंच भरते का, तेही मोजायचं. दुसरा, फॉर्म वन भरून मंजुरीची वाट पाहायची, मग बनवणाऱ्याचं नाव आणि गाव हत्यारावर कोरून जोडायचं. ग्रीन कार्डधारकाला हा अर्ज करता येतो. मात्र नोंद झालेली आखूड रायफल घेऊन राज्याबाहेर जायला वेगळी परवानगी लागते, आणि कॅलिफोर्नियात तर ती सर्वसामान्य माणसाला ठेवताच येत नाही. सध्या मात्र, वकिलाने हो म्हणेपर्यंत, यातला एकही रस्ता धरू नका. त्याच्याकडे जाताना पिस्तुलाची पावती, किट कुठून आलं त्याचे मेसेज आणि तुम्हा दोघांची इमिग्रेशनची कागदपत्रं न्या. पिस्तूल आणि स्टॉक नेऊ नका.