रसायनशास्त्र सोडण्यापूर्वी

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जीवाणूचा प्रयोग कॉलेजात पाहिल्यापासून तिने सूक्ष्मजीवशास्त्रातच संशोधन करायचे ठरवले असून त्यासाठी ती रसायनशास्त्र सोडू पाहते आहे. सोडू द्यावे का? आणि पुढे नोकरीचे काय? – एक आई, मानेवाडा

उत्तर : सस्नेह नमस्कार. संशोधनाची तिची इच्छा रास्त आहे, पण रसायनशास्त्र सोडण्याचा विचार मला मुळीच पटत नाही; कारण ज्या विषयाने तिला ओढ लावली आहे, तो वरून जीवाणूंचा दिसत असला तरी आतून रसायनशास्त्राचाच आहे.

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले वलय असते, त्याला बीटा-लॅक्टम वलय म्हणतात. जीवाणूची पेशीभित्तिका सांधणारे विकर (एन्झाइम) हे वलय उघडते खरे, पण उघडलेला रेणू त्याच्याच अंगाला चिकटून बसतो आणि भित्तिकेचे काम अडते. प्रतिकार करणाऱ्या जीवाणूकडे बीटा-लॅक्टमेज नावाचे आणखी एक विकर असते. तेही आधी असेच अडकते. मात्र पाण्याचा एक रेणू वापरून ते क्षणात मोकळे होते आणि पुढच्या पेनिसिलिनकडे वळते. टीईएम-1 हे असे विकर सेकंदाला हजाराच्या घरात रेणू निकामी करू शकते. प्रयोगात नायट्रोसेफिन या रंग बदलणाऱ्या चाचणी-रसायनाची पिवळी चकती तिच्यासमोर लाल झाली असेल, तर ते वलय फुटल्याचीच ती खूण होती.

(प्रतिजैविकांच्या गैरवापरामुळे हे विकर जन्माला आले, असे सर्रास सांगितले जाते. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद 1940 मध्ये, म्हणजे पेनिसिलिन सर्वत्र वापरात येण्यापूर्वीच केली होती. गैरवापराने ते फोफावले, इतकेच.)

आपल्या औषधांच्या डब्यात अमॉक्सिसिलिनची 625 ची गोळी असेल, तर पाकिटावरचा मजकूर तिला वाचायला सांगा. त्यातले 500 मिलिग्रॅम प्रतिजैविक असते आणि उरलेले 125 मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल, जे त्या विकराला स्वतःत गुंतवून ठेवते. एनडीएम-1 सारखी जस्ताच्या आधाराने चालणारी विकरे मात्र या आम्लाला बधत नाहीत. असे का, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या तासालाच मिळते.

नोकरीबद्दल लपवून काही सांगत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचे किंवा पॅथॉलॉजी लॅबमधले काम मिळू शकते, पण सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. संशोधनासाठी एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून सात-आठ वर्षांची तयारी ठेवावी लागेल. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा आहेत. त्यानंतर पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा, जिच्या जीवविज्ञान अभ्यासक्रमाचा पहिलाच घटक अणू, रेणू आणि रासायनिक बंध यांपासून सुरू होतो. प्रतिकाराची जनुके सांडपाण्यात आणि जनावरांच्या आतड्यांतही सापडतात. त्यामुळे चौकशी रुग्णालयांपुरती न ठेवता नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि पशुवैद्यक महाविद्यालयातही प्रशिक्षणार्थी घेतात का, हे तिने स्वतः जाऊन विचारावे.

विषय बदलण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तिला पुस्तक न उघडता ते चार अणूंचे वलय कागदावर काढायला सांगा आणि पाणी नेमके कुठे घाव घालते ते विचारा. तिला सांगता आले नाही तर ती ते शोधत बसते की कागद बाजूला सारते, तेवढे पाहून मला कळवा.