गळाच्या मासेमारीसाठी कायाक कोणती?

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यात एकट्याने गळ टाकायचा आहे. वजन ८५ किलो. साधी कायाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) घ्यावी की हवा भरायची?

उत्तर : कडक प्लास्टिकची, उघड्या बैठकीची, म्हणजे पोकळीत न शिरता वरच बसायची घ्या. उलटली तरी आत पाणी साठत नाही, सरळ करून पुन्हा चढता येते. हवेची गाडीच्या डिकीत मावते खरी, पण वाऱ्याने भरकटते आणि बाभळीचा एक काटा तिला पुरतो.

लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३२ ते ३४ इंच. अरुंद कायाक पळते छान. मासा ओढताना मात्र डुलते. छापील वजनक्षमतेच्या ७० टक्केच धरा. तुम्ही आणि २० किलो सामान म्हणजे १०५, तेव्हा क्षमता किमान १५० किलो हवी. कमी असेल तर निचऱ्याच्या भोकांतूनच पाणी वर येऊन बैठक भिजते.

नांगराचा दोर नाकाला किंवा शेपटीला बांधा. मधोमध कडेला बांधलात तर वाऱ्यात कायाक आडवी होऊन कलंडते. लाइफ जॅकेट अंगातच हवे, पायाशी नव्हे.

जलाशयातील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात. पैसे मोजण्याआधी परवानगीची चौकशी करा.