परदेशी मदतीने ‘कायद्याचं राज्य’ कसं आणतात, याचा अभ्यास कुठून सुरू करावा?

बाहेरचे देश आणि संस्था दुसऱ्या देशात कायद्याचं राज्य रुजवायला पैसा ओततात, ते प्रत्यक्षात कसं चालतं हे तुम्हाला अभ्यासायचंय. मग प्रकल्पांचे अहवाल सध्या बाजूला ठेवा आणि एकच प्रदेश घ्या. मी कोसोव्हो सुचवेन: आग्नेय युरोपातला, बहुसंख्य अल्बेनियन वस्तीचा, पूर्वी सर्बियातला स्वायत्त प्रांत. प्रदेश छोटा, कागदपत्रं मात्र रग्गड.

पहिला प्रश्न अगदी साधा: न्यायाधीश निकाल देतोय तो कुठल्या कायद्याने? जून १९९९ मध्ये कोसोव्होचा कारभार संयुक्त राष्ट्रांकडे आला. जुलैत त्यांनी पहिलाच नियम काढला की २४ मार्च १९९९ ला, म्हणजे नाटोची बाँबफेक सुरू झाली त्या दिवशी, जो कायदा होता तोच पुढे चालेल. कागदावर बिनतोड! पण त्यात सर्बियाने १९८९ मध्ये स्वायत्तता काढून घेतल्यानंतर लादलेले कायदेही आले. त्या काळात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या तेच अल्बेनियन न्यायाधीश आता कोर्टात परतले होते. ते कशाला ऐकतात? त्यांनी जुनाच, १९८९ पूर्वीचा कायदा लावायला घेतला. डिसेंबरात प्रशासनाने निमूट तारीख मागे नेली: २२ मार्च १९८९. मधल्या पाच महिन्यांत अटक झालेल्यांचं काय झालं, एवढ्यावरसुद्धा एक प्रबंध होईल.

पुढे स्थानिक न्यायाधीश आपल्या समाजाच्या आरोपींना झुकतं माप देतात अशी ओरड झाली, म्हणून २००० मध्ये मित्रोव्हित्सा या सर्ब-अल्बेनियन अशा दुभंगलेल्या शहरापासून परदेशी न्यायाधीश नेमायला सुरुवात झाली. वर्षअखेरीस तर परदेशी न्यायाधीशांचं बहुमत असलेली खंडपीठं बसवायची सोय केली. नि:पक्षपातीपणाच्या दृष्टीने हे ठीकच. पण अवघड खटले बाहेरचे चालवणार असतील तर स्थानिकांनी ते चालवायला शिकायचं कधी? २००८ च्या अखेरीस युरोपीय संघाचं ‘युलेक्स’ (पोलीस, न्यायाधीश, वकील पाठवून कायद्याचं राज्य रुजवायचं पथक) कामाला लागलं, तेव्हाही हा पेच तसाच होता. २०१२ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी शेरा मारला की दरडोई सर्वात जास्त युरोपीय मदत कोसोव्होला मिळते, तरी संघटित गुन्हेगारी आणि भ्रष्टाचार जिथल्या तिथे आहे. तो अहवाल जरूर वाचा. प्रशिक्षण वर्ग मोजणं सोपं असतं, साक्षीदार न घाबरता साक्ष देतो का हे मोजणं महाकठीण.

युलेक्सच्या न्यायाधीशांचे बरेच निकाल इंग्रजीत आहेत. त्यातला एखादा खटला आरोपपत्रापासून अपिलापर्यंत धरून ठेवा: कोण बदललं, तारखा का पडल्या, साक्ष कुठे फिरली. तिथे जाणं जमलं तर मंत्र्या-संत्र्यांच्या आधी कोर्टातल्या दुभाष्यांना भेटा. परदेशी न्यायाधीश मुदत संपली की घरी जायचे. दुभाषी तिथलेच, त्यांनी एकामागून एक कितीतरी साहेब पाहिलेले असतात.