यंदा आशाच नको वाटते

डिसेंबर लागला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची एक तक्रार हमखास येते. बेळगावच्या कॅम्पातून येते, तशीच खानापूर-नंदगड भागातूनही येते. "मॅडम, दारात तारा लावला, नाताळाआधीच्या आगमनकाळाची मेणबत्ती पेटवली, पण मनाला आनंदच होईना. माझा विश्वास कमी पडतोय का?" असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी हा एक अनुभव लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातल्या एक काकी. मुलगा चाकणला कंपनीत. लग्नावरून मायलेकांत शब्दाला शब्द लागला आणि त्याने घरी येणं सोडलं. तरी दर नाताळाला त्या त्याच्यासाठी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायच्या. चोवीस तारखेच्या रात्री चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जाताना दाराला कुलूप न लावता नुसती कडी घालायच्या. तो यायचा नाही.

"यंदा मैदाच आणला नाही," त्या म्हणाल्या. "आशा धरली की पंचवीस तारखेला जीव नको होतो. त्यापेक्षा धरायलाच नको."

"मग आता बरं वाटतंय?"

"कुठलं हो. प्रार्थनेला बसलं तर तोंडातून शब्द फुटेना."

मी व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांच्या आधाराने काम करते. नाझी छळछावणीतून वाचलेल्या या मनोवैद्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. १९४४ चा नाताळ ते १९४५ चं नववर्ष या आठवड्यात त्यांच्या छावणीत मृत्यू फार वाढले. तिथल्या मुख्य डॉक्टरांच्या मते कारण उपासमार किंवा नवी साथ हे नव्हतं. नाताळापर्यंत घरी पोचू, असं अनेकांनी मनाशी धरलं होतं आणि ती तारीख निघून गेली. काकींचं बोलणं ऐकताना मला हेच आठवत होतं. त्यांचा विश्वास शाबूत होता. त्यांनी तो एका तारखेला आणि दाराच्या कडीला बांधून टाकला होता.

पुढच्या काही भेटींत मी बोलले कमी. मग आगमनकाळाचा तिसरा रविवार आला. हा आनंदाचा रविवार, गुलाबी मेणबत्तीचा. चर्चमधल्या बायबलवाचनाच्या तीन वर्षांच्या क्रमात एका वर्षी नेमकं याच दिवशी शुभवर्तमान येतं ते तुरुंगातल्या योहानाचं. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने लोकांना सांगितलं होतं की येणारा तारणारा कुऱ्हाड आणि आग घेऊन येईल. तसं काही घडेना, तेव्हा त्याने शिष्यांकरवी येशूला विचारलं, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहायची? येशू त्याच्यावर रागावला नाही. जे दिसतंय, ऐकू येतंय, ते जाऊन सांगा म्हणाला: आंधळे पाहतात, पांगळे चालतात. आणि शिष्य गेल्यावर जमावासमोर योहानाला नावाजलं. आनंदाच्या रविवारी चर्चमध्ये शंकेलाही जागा आहे, हे किती जणांच्या ध्यानात येतं?

मी काकींना तोच प्रश्न विचारला. "तो आला नाही, हे झालंच. पण तुम्हाला दिसतंय काय, ऐकू काय येतंय?"

"काही नाही." मग बराच वेळ पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "त्याच्या बहिणीला फोन करतो. दर रविवारी. तिच्या फीचे पैसेपण घालतो. मला विचारत नाही."

"फोन कुठल्या वेळी येतो?"

"मिस्सेहून आलो की. ती स्वयंपाकघरातच बोलते, मी तिथंच असते." त्या थांबल्या. "मी घरी पोचायच्या वेळेलाच करतोय म्हणा की."

हे मी त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन पुन्हा कडीकडेच पाहिलं असतं. माणूस स्वतः मोजतो तेव्हाच त्याला हिशेब पटतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

त्या आठवड्यात काकींनी नेवऱ्या केल्या आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्सने डबा पाठवला. "ये" असं लिहिलं नाही. सुनेचं नाव मात्र आधी लिहिलं. मुलगा त्या नाताळाला आला नाही. काकी मिस्सेला गेल्या आणि गायल्या.

तुमचंही असंच होत असेल तर आनंद होत नाही म्हणून स्वतःच्या विश्वासाची झडती घेऊ नका. मी कुठल्या तारखेवर, कुठल्या एकाच रूपावर अडून बसले आहे, ते आधी पाहा. मग फादरांशी किंवा जवळच्या माणसाशी मोकळेपणाने बोला, शंकेसकट. आणि झोप, भूक उडून दोन आठवडे झाले असतील, जगणं नको वाटत असेल, तर नाताळ होऊ दे म्हणून थांबू नका. प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरांनाही लगेच भेटा.