गेट नकाशावर आहे, मग रस्ता का सापडत नाही?

प्रश्न : नेरुळच्या आमच्या सोसायटीचं मागचं गेट ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, टाकलं. तरी मार्ग पुढच्याच गेटला नेतो. शिवाय फोनने नोंदवलेली पायवाट शेजारच्या इमारतीवर चढलेली दिसते. काय चुकलं?

उत्तर : गेटचा बिंदू बहुधा पायवाटेच्या रेषेच्या बाजूला सुटा पडला आहे. तो त्या रेषेवरच हवा, आणि रेषेचं टोक रस्त्याला जोडलेलं हवं. नुसतं टेकलेलं चालत नाही, दोघांचा बिंदू एकच असावा लागतो. वाट फक्त चालणाऱ्यांसाठी असेल तर तसं नोंदवा, नाहीतर रिक्षा तिकडे वळतील.

पायवाट सरकण्याचं कारण उंच इमारती. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून फोनपर्यंत येतो. म्हणून तीच वाट तीन-चारदा चाला आणि सगळ्या नोंदींच्या मधोमध रेषा आखा. ज्यावर रेषा आखता ते उपग्रहचित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. आखण्याआधी ते इतरांनी चढवलेल्या जीपीएस नोंदींशी जुळवून घ्या.

नाव गेटवरच्या पाटीवरून घ्या, गूगल मॅप्सवरून अजिबात नको. ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यात ते बसत नाही, नोंद काढली जाते. मराठी नावाचा रकाना वेगळा आहे, तो जरूर भरा. फोनमधला ऑफलाइन नकाशा नव्याने उतरवल्यावरच बदल दिसेल.